मेंडेल सिंगरचं नेमकं चुकलं काय?

मागच्या अंकात योझेफ रोथच्या 'जॉब' या कादंबरीवर मी जेमतेम पाऊण पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं, आणि त्यातली निम्मीअधिक भांडणारी आहेत हे तर फारच छान. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, ज्यांना तो आधी कळायला नकोय त्यांनी सरळ पान उलटावं.

कादंबरी मूळ जर्मन, १९३० ची. झारच्या रशियात झुखनोव नावाचं एक गाव, तिथे मेंडेल सिंगर नावाचा गरीब ज्यू मास्तर, घरच्याच खोलीत डझनभर लहान पोरांना धर्मग्रंथ शिकवतो, दर शुक्रवारी प्रत्येक पोर वीस कोपेक आणून देतं. बायको डेबोरा, मुलं योनास, शेमार्या, मिर्याम, आणि धाकटा मेनुखिम. हा धाकटा जन्मापासून आजारी, फिट येतात, चालत नाही, बोलत नाही, बोलतो तो एकच शब्द, 'मामा'. पुढे योनास सैन्यात जातो, शेमार्या सैन्य चुकवून सीमेपलीकडे पळतो आणि अमेरिकेत जाऊन सॅम होतो, मिर्याम कोसॅक शिपायांबरोबर फिरायला लागते. मुलीला त्यांच्यापासून तोडायचं म्हणून मेंडेल बायकोला आणि तिला घेऊन न्यूयॉर्कला जातो, मेनुखिमला शेजाऱ्यांच्या हवाली करून. मग पहिलं महायुद्ध. सॅम अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन मरतो, त्याचा मित्र त्याचं घड्याळ घेऊन घरी येतो, ते ऐकून डेबोरा स्वतःचे केस उपटत उपटत जीव सोडते, योनास बेपत्ता, मिर्यामला वेड लागतं. म्हातारा एकटा उरतो आणि देवाशी असलेला सगळा व्यवहार बंद करून टाकतो. आणि शेवटी पेसाहच्या, म्हणजे ज्यूंच्या एका मोठ्या सणाच्या, रात्री दारावर एक परका माणूस येतो, नावाजलेला संगीतकार, तो निघतो मेनुखिम.

मेंडेल साधा, पापभीरू माणूस आहे. कुणाचं वाकडं केलं नाही, रोज प्रार्थना, उपास, सगळं रीतसर. तरी त्याच्यावरच एवढा अन्याय का? आमच्या वाचनगटात दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं लेखकाला श्रद्धा खोटी आहे हे दाखवायचंय, बाकीचे म्हणतात शेवट बघा, श्रद्धाच जिंकली. मला तर शेवट चक्क फिल्मी वाटला. बरोबर कोण?
– सांगली

तुमच्या दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीत धरलीये, ती म्हणजे मेंडेलने कुणाचं वाकडं केलं नाही. ती एकदा तपासून बघा, मग बाकीचं बोलू.

मेनुखिम लहान असताना सरकारी डॉक्टर देवीची लस टोचायला गावात येतो. पोराला बघून म्हणतो, याला अपस्मार होणार, पण आयुष्य आहे याच्यात, जिल्ह्याच्या इस्पितळात ठेवा, मी बरा करू शकेन कदाचित. डेबोरा तयार असते. मेंडेल नाही म्हणतो. का, तर देवाच्या मनात नसेल तर कुठला डॉक्टर बरा करणार, आणि तिथे रशियन पोरांत वाढायचं, दूध आणि मांस एकत्र खायचं, एक पवित्र शब्द कानावर पडायचा नाही. म्हणजे बघा, नकार दुष्टपणाने दिलेला नाही, चांगल्या भाविक मनाने दिलाय, आणि बळी पोराचा गेलाय. मग डेबोरा त्याला घेऊन एका मोठ्या रब्बीकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडे, जाते, तो सांगतो की हा बरा होईल, याच्यासारखे फार नसतील, फक्त याला सोडू नको, कितीही ओझं झालं तरी सोडू नको. आणि पुढे हे लोक त्याला सोडून जातात. इथेही कारण सज्जनच आहे, मुलीची अब्रू. मेंडेलचं हे असंच आहे, त्याच्या हातून जे काही वाईट होतं ते सगळं चांगल्या कारणासाठीच होतं.

एक सीन आठवा. मेंडेल या मुक्या पोराला मांडीवर घेऊन शिकवायला बसतो, 'आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली', पुन्हा तेच, पुन्हा तेच, पोराच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मग वैतागून तो सहज चमचा चहाच्या ग्लासावर वाजवतो, आणि पोर मान वळवतं. डोळ्यात काहीतरी लुकलुकतं. म्हणजे पोराचा रस्ता कानातून, सुरातून जातो हे बापाला तिथेच कळायला हवं होतं, पण त्याला पोराच्या तोंडून धर्मग्रंथ ऐकायचाय, मग ग्लास बाजूला राहतो. पुढे हाच मुलगा संगीतकार होऊन येतो तेव्हा मला तो चमचा आठवला आणि 'फिल्मी' हा शब्द काही मला वापरवेना.

आता अन्याय कुणी केला ते बघू. देवाला कोर्टात उभं करायच्या आधी माणसांनी केलेल्याची यादी वाचा. रशियात ज्यूंना ठरावीक पश्चिम पट्ट्याबाहेर राहायला बंदी होती, १७९१ पासून १९१७ पर्यंत, थोडेफार अपवाद सोडले तर. सैन्यात मात्र पोरं हवीत, १८७४ पासून सगळ्यांनाच सक्ती. म्हणजे शाळा-कॉलेजात कोटा, जमीन घ्यायला अडचण, पण बंदूक धरायला चालेल. हे वाचल्यावर शेमार्या का पळाला ते कळतं. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून साधारण वीस लाख ज्यू अमेरिकेला गेले, त्यातले कितीतरी असेच एजंटला पैसे देऊन रात्रीत सीमा ओलांडून. रोथ स्वतः त्या सीमेच्या अलीकडचा, ब्रॉडीचा, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं रशियाला लागून असलेलं गाव, आता युक्रेनमधे आहे. पत्रकार होता तो, १९२७ मधे या भटकणाऱ्या ज्यूंवर त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यामुळे त्याच्या कादंबरीत आकाशातून काही कोसळत नाही, सगळं कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदावरून येतं.

मग कादंबरीचं नाव जॉब का? मराठी बायबलमधला ईयोब तो हाच. बायबलमधली गोष्ट माहीत असेलच, देव आणि सैतान यांच्यात पैज लागते, ईयोबाची गुरंढोरं जातात, पोरं मरतात, अंगभर गळवं येतात, मित्र येऊन सांगतात तुझंच काहीतरी पाप असणार, तो म्हणतो नाही, मला देवाशीच बोलायचंय, आणि शेवटी देव वावटळीतून बोलतो. मग भरपाई. सात हजार मेंढरांची चौदा हजार, तीन हजार उंटांचे सहा हजार, आणि मुलं पुन्हा तेवढीच, सात आणि तीन. मला ही भरपाई नेहमी खटकते, मेंढरं दुप्पट झाली तर ठीक, पण मेलेल्या पोरांच्या जागी नवीन पोरं ही काय रीत झाली? रोथने नेमकी हीच जागा बदललीये. त्याच्याकडे नवीन कुणी मिळत नाही, मेलेले मेलेलेच राहतात. डेबोरा परत येत नाही, सॅम येत नाही. जो परत येतो तो मेंडेलने हिशोबातून आधीच वजा केलेला मुलगा.

आणि तो बरा कशाने झाला, तर रशियन डॉक्टरांच्या उपचाराने, पीटर्सबर्गला. म्हणजे बापाने देवाचं नाव घेऊन जे दार बंद केलं होतं त्याच दारातून. आता सांगा, श्रद्धा जिंकली की हरली? मला विचाराल तर रब्बीचा शब्द खरा ठरला, डॉक्टरचाही खरा ठरला, फक्त मेंडेलचा नाही ठरला, आणि तरी त्यालाच मुलगा मिळाला. याला न्याय म्हणत नाहीत. याला फार तर नशीब म्हणा, तो म्हातारा चमत्कार म्हणतो, म्हणू दे त्याला.

पण म्हणून 'पोराला सोडलं त्याची शिक्षा मिळाली' असंही म्हणू नका, कारण ते वाक्य कादंबरीत आहे आणि ते मेंडेलच्या एका मित्राच्या तोंडी आहे. न्यूयॉर्कमधे चार मित्र त्याची समजूत काढायला येतात तेव्हा त्यातला एक म्हणतो, तुम्ही मेनुखिमला मागे ठेवलंत, कदाचित तिथेच देवाच्या योजनेत ढवळाढवळ केलीत. बोलणारा वाईट नाहीये, पण ज्याचं घर जळून गेलंय त्याला असं सांगायचं असतं का? आणि मेंडेलला शिक्षा करायला देव सॅमला मारत असेल तर सॅमच्या बायकोने काय केलं होतं? बायबलमधे तर देव शेवटी ईयोबाच्या मित्रांवरच चिडतो, ते लोक विसरतात.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला फिट येतात, आणखीही बरंच आहे. तुमचं वाचून पुस्तक मागवलं. आईबाप पोराला टाकून जातात तिथे मी पुस्तक फेकून दिलं. लेखकाला काय माहीत असणार? आणि शेवटी तो एकदम ठणठणीत होऊन येतो हे आमच्यासारख्यांची थट्टा नाही का?
– कोल्हापूर

फेकलंत ते योग्यच केलंत, तिथे राग आला नाही तर वाचणाऱ्यात काहीतरी कमी आहे. पण लेखकाला काय माहीत असणार असं विचारलंत म्हणून सांगते.

रोथची बायको, फ्रीडरिके, घरात फ्रीडल म्हणायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिला स्किझोफ्रेनिया झाला. ही कादंबरी तो लिहित होता तेव्हा एकीकडे डॉक्टर, दवाखाने, पैशांची जुळवाजुळव चाललेली होती, आणि तिला एकटी सोडून आपण कामासाठी भटकत राहिलो त्यामुळे हे झालं असं तो स्वतःला लावून घ्यायचा. मिर्यामचं वेड त्याने कुठून आणलं ते वेगळं सांगायला नको. पुढे १९३३ मधे हिटलर सत्तेवर आला त्याच दिवशी रोथने जर्मनी सोडली, त्याची पुस्तकं जाळली गेली, १९३९ मधे पॅरिसला दारूने पोखरून तो गेला. फ्रीडल ऑस्ट्रियात संस्थेत होती. १९४० मधे नाझींनी मनोरुग्ण आणि अपंग माणसं मारायची जी मोहीम चालवली त्यात तिला लिन्झजवळच्या हार्टहाइमला नेऊन मारलं. कादंबरीत त्याने मिर्याम बरी होईल अशी आशा शेवटी ठेवलीये. त्याच्या घरात ते झालं नाही.

दुसरं, सिंगर कुटुंबाकडे पोराला घेऊन जायचा पर्याय कितपत होता तेही बघा. अमेरिकेच्या १९०३ च्या इमिग्रेशन कायद्यात अपस्मार असलेल्यांना प्रवेशबंदी नाव घेऊन लिहिलेली आहे, वेडे, भिकारी, अराजकवादी यांच्या पंगतीत. बंदरावर डॉक्टर तपासायचे आणि परत पाठवायचे, कित्येकदा अख्ख्या घराला ठरवावं लागायचं की सगळ्यांनी परत फिरायचं की एकाने. त्यामुळे मेनुखिमला बरोबर नेलं असतं तर तो काही न्यूयॉर्कला उतरला नसता. हे मेंडेलला माफ करायला सांगत नाहीये, नका करू माफ. त्याने न जाणं हाही पर्याय होताच की, आणि डेबोरा शेवटपर्यंत त्याच एका गोष्टीने आतून झिजत राहते.

भावंडांचा प्रसंगही तुम्ही वाचला असेल, पावसाच्या पाण्याच्या पिंपात तीन भावंडं त्या बाळाचं डोकं बुडवून धरतात, सुटका व्हावी म्हणून, आणि तो मरत नाही. घरात एक पोर असं असलं की बाकीच्या पोरांचं लहानपण कसं करपतं हे इतक्या सरळ लिहायला हिंमत लागते. मला वाटतं तुम्हाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता बरा होण्याबद्दल. वैद्यकीयदृष्ट्या तो शेवट ताणलेला आहे हे कबूलच. त्या काळात औषध म्हणजे ब्रोमाइड, फेनोबार्बिटल १९१२ मधे वापरात यायला लागलं. पण फिट थांबू शकतात ही गोष्ट काही परीकथा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे की नीट निदान आणि औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तरपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. बोलायला न येणारं मूल मोठा संगीतकार होणं हे वेगळं, ती कादंबरीकाराची घाई आहे. मलाही तिथे वाटतं की तो थोडाफार बरा होऊन, साधं काहीतरी काम करणारा माणूस होऊन आला असता तर? तो मुलगा दारात उभा राहिला हेच पुरेसं नव्हतं का? पण रोथला ईयोबाची गोष्ट पुरी करायची होती, तिथे भरपाई मोठीच असावी लागते.

पुस्तक पुन्हा उचलायचं की नाही ते तुमच्यावर. उचललंत तर पळवत नेऊ नका, न्यूयॉर्कचा मधला भाग सावकाश वाचा, तिथे मेंडेल रोज मेनुखिमला आठवत असतो आणि कुणाला सांगत नाही.

देवाला जाळायला निघतो, डुकराचं मांस खातो... एवढ्या भाविक माणसाकडून असं होणं पटत नाही. आणि खऱ्या धार्मिक ज्यू लोकांना हे चालतं का? आपल्याकडे असं लिहिलं असतं तर मोर्चा निघाला असता.
– नाशिक

मोर्चाचं माहीत नाही, पण आपल्याकडे असं लिहिलेलं आहे आणि ते लोक टाळ वाजवत गातात. तुकोबांची बायको-पोर दुष्काळात गेली, त्यांनी विठ्ठलाला काय काय ऐकवलंय ते गाथेत बघा, एका अभंगात तर माझ्यापुरता देव मेला, आता त्याचं नाव घेणार नाही असं म्हणून मोकळे होतात. म्हणून कुणी त्यांना नास्तिक म्हटलं नाही.

ज्यू परंपरेत तर देवाशी हुज्जत घालणं हे फार जुनं. अब्राहाम सदोम शहर वाचवायला देवाशी अक्षरशः घासाघीस करतो, पन्नास नीतिमान सापडले तर सोडशील का, पंचेचाळीस, चाळीस, असं करत दहावर आणतो. अठराव्या शतकात बर्डिचेव्हचे रब्बी लेवी यित्झहाक यांच्या तर गोष्टीच आहेत की भर प्रार्थनेत उभे राहून देवावर फिर्याद लावायचे, तुझ्या लोकांना इतका त्रास का म्हणून. लोकांनी त्यांना संत मानलं. भांडायला समोर कुणीतरी आहे असं धरलेलं असतं ना, नास्तिकाला भांडायची गरजच नसते.

ते जाळायचं प्रकरण नीट वाचा मात्र. मेंडेल चुलीत विस्तव करतो, लाल मखमलीची पिशवी काढतो, तिच्यात प्रार्थनेची शाल, कपाळाला आणि हाताला बांधायचे ते पट्टे, पोथ्या. सगळं जाळायचं ठरवून झालंय, ज्वाळा वर आल्यात, पाय आपटतोय, ओरडतोय, शेजारी धावत आलेत, काय जाळतोयस घर जाळतोयस का, तर म्हणतो घर नाही, मला देवाला जाळायचंय. आणि हात पिशवी टाकत नाहीत. पन्नास वर्षं रोज ज्या हातांनी ती शाल पसरली ते हात ऐकत नाहीत. मनाने देव सोडलाय, स्नायूंनी नाही सोडला. मला सगळ्या पुस्तकात हे पान सगळ्यात खरं वाटतं, कारण राग आला म्हणून एका रात्रीत सवय जात नसते, कुठल्याही धर्माचा माणूस असो.

डुकराच्या मांसाचंही तसंच. तो ते आवडीने खात नाही. इटालियन वस्तीत मुद्दाम जाऊन खातो, देवाला चिडवायला. चिडवायचं कुणाला, जो नाही त्याला? रोथ हे कुठेही फोडून सांगत नाही, नुसतं दाखवतो आणि पुढे जातो.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आहे. आमच्याकडे मलिद्याला एलियाहू हनाबीचं नाव घेतात. कादंबरीत पेसाहला दार उघडून ठेवतात तो एलियाहू तोच का? आणि आमच्या लोकांवर कधी असं काही लिहिलं गेलं का असं मनात आलं.
– ठाणे

तोच, एलिया संदेष्टा. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत पेसाहच्या रात्री त्याच्यासाठी वाइनचा एक जादा पेला भरून ठेवतात आणि जेवण झाल्यावर दार उघडतात, तो येईल म्हणून. कादंबरीत ती रात्र मेंडेलच्या मित्राच्या घरी आहे, स्कोव्रोनेक म्हणून, त्याचं ग्रामोफोनचं दुकान आहे, मेंडेल त्याच्याच मागच्या खोलीत राहतो, पडेल ते काम करतो, पोरं सांभाळतो. सगळे गाताहेत आणि हा नुसता कोपऱ्यात बसलाय, पाहुणा असल्यासारखा. दार उघडून बंद होतं, कुणी येत नाही, आणि मग थोड्या वेळाने कुणीतरी ठोठावतं. रोथने इथे वेळ फार सुंदर साधलीये, एलियाहूच्या नावाने उघडलेल्या दारातून कुणी आलं नाही, बंद दार वाजलं तेव्हा आलं. परका बसतो, गप्पा मारतो, झुखनोवचं घर विकायचंय वगैरे बोलतो, आणि म्हातारा एक प्रश्न विचारायला घाबरतोय, मेनुखिम आहे का. दुसऱ्या कुणीतरी विचारावं अशी त्याची धडपड चाललीये. तीन-चार पानं तो प्रश्न लांबतो.

आपल्याकडचा एलियाहू वेगळ्या वळणाचा, तो पोहे, खोबरं, साखर, फळं यांच्यात येतो, लग्नाआधी, बारशाला, नवस फेडायला. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, तिथे बेने इस्राएल कुटुंबं जातात, हे तुम्हाला मी सांगायला नकोच, बाकी वाचकांसाठी लिहिलं. तुमचं कोकणातलं नवगाव, फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी, घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली', हे सगळं मेंडेलच्या जगापेक्षा इतकं निराळं आहे की मेंडेलला उचलून रायगड जिल्ह्यात ठेवता यायचं नाही. शेजाऱ्यांनी घर पेटवलं, झारने पोर ओढून नेलं असलं इथे नव्हतं. म्हणून इथली कादंबरी दुसऱ्याच दुःखाची होईल, इस्रायलला गेलेल्यांची, मागे राहिलेल्या आजी-आजोबांची, डिमोना नाहीतर अश्दोदला मराठी बोलणाऱ्या घरांची. तुम्ही लिहा की. खरंच लिहा, चार पानं पाठवलीत तरी मी वाचेन.

रशियन शेतकरी, शिपाई, सगळे वाईटच दाखवलेत. एकांगी नाही का?
– पुणे

नाहीत दाखवलेले. सामेश्किन विसरलात. प्रवासाच्या कागदांसाठी मेंडेल बाहेरगावी जातो, येताना शेतकरी सामेश्किनच्या गाडीतून येतो, रात्री गाडी खड्ड्यात जाते आणि दोघं रस्त्याच्या कडेला बसून राहतात. मेंडेल रडायला लागतो. सामेश्किन आधी त्याला बरंच काही सुनावत होता, कशाला चाललाय अमेरिकेला, तुम्ही लोक सदा भटकत असता वगैरे, आणि मग त्याच्या बारीक खांद्यावर हात टाकून म्हणतो झोप, झोप आता. ज्यूंबद्दलचे सगळे पूर्वग्रह त्या शेतकऱ्याच्या डोक्यात जसेच्या तसे आहेत आणि हात खांद्यावर आहे. दोन्ही एकदम असतं माणसात.

कुठलं भाषांतर घ्यावं? सिनेमा आहे का? आणि ज्यू लेखक शोलेम अलैखेमचा टेव्ये दूधवाला आणि हा मेंडेल, दोघंही गरीब भाविक ज्यू बाप, मग आधी कोण वाचावा?
– औरंगाबाद, डोंबिवली आणि बेळगाव, तिघांना एकत्र उत्तर देतेय

इंग्रजीत दोन माहितीतली भाषांतरं आहेत, डोरोथी थॉम्पसनचं १९३१ चं आणि रॉस बेंजामिनचं २०१० चं. नवीन घ्या. रोथची वाक्यं छोटी, बायबलच्या चालीची, ती बेंजामिनकडे बरी उतरलीत. पुस्तक लहान आहे, दोनशे पानांच्या आसपास, शनिवार-रविवारचं काम.

सिनेमा हॉलिवूडने १९३६ मधे काढला आणि त्यात ज्यू बापाला ऑस्ट्रियाच्या डोंगरातला चर्चची घंटा वाजवणारा करून टाकला. म्हणजे ज्यामुळे सगळं घडतं तेच काढून घेतलं. १९३६ साली, शेजारी जर्मनीत काय चाललंय ते माहीत असताना. शोधायच्या भानगडीत पडू नका.

टेव्येच्या गोष्टी १८९४ पासून वीसेक वर्षं सुट्या सुट्या येत गेल्या, त्यावरचं ब्रॉडवेचं नाटक 'फिडलर ऑन द रूफ' १९६४ चं, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. टेव्ये सारखा बडबडतो, देवाशी, घोड्याशी, लेखकाशी, वचनं उलटीसुलटी करून सांगतो आणि हसवता हसवता रडवतो. एक मुलगी ख्रिस्ती मुलाशी लग्न करते तेव्हा तो तिला मेली म्हणून सुतक पाळतो आणि तरी रस्त्यात ती दिसली की आतून तुटतो. मेंडेल बोलतच नाही, विनोद त्याला जमत नाही, त्यामुळे त्याचा स्फोट झाला की मोठा होतो. बेळगावकर, आधी टेव्ये वाचा, मग मेंडेल. उलट क्रमाने वाचलंत तर टेव्येच्या विनोदांवर हसायला थोडा वेळ लागेल, पण बिघडत काही नाही.

सांगलीच्या वाचनगटाने पुढची कादंबरी कुठली घ्यावी असंही विचारलंय. रोथचीच 'राडेट्झकी मार्च' घ्या, १९३२ ची, तिथेही बाप-लेकच आहेत पण देवाच्या जागी सम्राट आहे. आणि भांडण झालं की मला लिहून कळवा.